पाशाभाईंचे ब्रेक

न्हावऱ्यातून इनामगावकडे निघालं की शेवटच्या रसवंतीच्या पुढे एक पत्र्याचं शेड लागतं. शेडवर पाटी नाही. पाशाभाई शेख यांचं म्हणणं असं, की पाटी नव्या माणसासाठी असते, आणि नवा माणूस रस्त्यात बंद पडला की कुणीही त्याला ढकलत आपल्याकडेच आणून सोडतं. हे खरं आहे. माझं औषधांचं दुकान बरोबर समोर असल्यामुळे असे ढकलत आणलेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्यातले निम्मे गाडी पाशाभाईंच्या हवाली करून माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येतात.

ती डोकेदुखी कशाची, ते सांगतो. पाशाभाईंकडे गाडी एका कामासाठी न्यावी आणि तेवढंच काम करून परत आणावी, असं आजवर घडलेलं नाही. तरुणपणी ते शिक्रापूरला हायवेवर ट्रकच्या गॅरेजात होते. घाटात ब्रेक गेलेल्या गाड्या क्रेनने ओढून तिथे यायच्या, आणि त्यांचं काय झालेलं असायचं ते पाशाभाईंनी जवळून बघितलं होतं. तेव्हापासून ब्रेक हा त्यांचा धर्मादाय विषय झाला. कुणी हॉर्न वाजत नाही म्हणून मोटारसायकल लावून गेला, की संध्याकाळी त्याला हॉर्न तर मिळायचाच, शिवाय नवे लायनर, सरळ केलेलं चाक आणि एक व्याख्यान मिळायचं. वरच्या कामाचे पैसे ते मागायचे नाहीत. त्यामुळे भांडायलाही नीट जागा राहायची नाही.

"पळायला काय, कुनाचीबी गाडी पळती," ते म्हणायचे. "थांबायची अक्कल गाडीला द्यावी लागती."

एवढं ऐकून ज्याला पाशाभाईंविषयी आदर वाटेल, त्याने त्यांची स्वतःची मोटारसायकल पाहिलेली नसते. त्या गाडीचं इंजिन त्यांनी इतक्या प्रेमाने बांधलेलं होतं, की ती चढावर नव्या गाड्यांना मागे टाकायची. ब्रेक मात्र नव्हते. म्हणजे हँडलवर दांडी होती, पायाखाली पेडल होतं, आणि दोन्ही दाबता यायची. गाडीवर त्याचा काही परिणाम होत नसे. पाशाभाई गाडी थांबवायचे ती उजव्या चपलेने. गॅरेज जवळ आलं की पाय खाली टाकायचे आणि खरखर आवाज करत शेडमध्ये शिरायचे. तो आवाज आला की मी समजायचो, दुकान उघडायची वेळ झाली.

त्यांची बायको सुलतानबी या विषयावर दर वर्षी एकदा बोलायची. चपला घ्यायच्या वेळेला.

तर ऊसतोडीचा हंगाम संपत आलेला असताना इनामगावचे पोपटराव आबा ट्रॅक्टर घेऊन आले. आबा पूर्वी सरपंच होते आणि ते पद गेलं तरी आवाज तेवढाच राहिला आहे. नांगर-कुळव उचलणारी ट्रॅक्टरची लिफ्ट चालत नव्हती. मागे रिकामी ट्रॉली जोडलेली होती, कारण ती सोडायचा आबांचा मुलगा इंद्रजीत याला कंटाळा आला होता. "लिफ्ट तेवढी बघ," असं बजावून बापलेक निघून गेले.

पाशाभाईंनी लिफ्ट बघितली. लिफ्टमध्ये थोडीच खोट होती, दुपारपर्यंत ती दुरुस्त झाली. मग ते ट्रॉलीभोवती हिंडायला लागले. ते पाहून मी काउंटरवर डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं काढून ठेवली. ट्रॉलीचा एक्सल जुन्या ट्रकचा होता. चाकांत ब्रेक होतेच, फक्त ट्रॉली झाली तेव्हापासून ते कुणी कशालाही जोडले नव्हते. उसाने भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलत आणते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांनी ते हवामानासारखं मान्य केलं आहे. पाशाभाईंनी चाकं उतरवली, लायनर भरले, पाइप ओढला आणि ट्रॉलीचे ब्रेक ट्रॅक्टरच्या पेडलला जोडून टाकले.

दुसऱ्या दिवशी आबा आले आणि खाली वाकून बघायला लागले.

"ह्ये काय हाय रं?"

"ब्रेक, आबा."

"म्या लिफ्ट सांगितली व्हती."

"लिफ्ट झाली ना. उचला की बिनधास्त."

"आरं, पर ट्रॉलीला हात लावायला तुला कुनी सांगितलं? ट्रॉली नुसती बरूबर आली व्हती!"

"आबा, तुमच्या घरी मानूस कामाला आला आन् त्याच्या बरूबर पाव्हना आला, तर पाव्हन्याला च्या पाजता का न्हाई?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी गोळी दिली.

त्यानंतर इंद्रजीतची जी गंमत झाली, ती इनामगावात अजून सांगतात. गावातून कारखान्याच्या रस्त्याला लागताना एक उतार आहे. खालच्या वळणावर वेग कमी व्हावा म्हणून इंद्रजीत वर्षानुवर्षं वरच्या मारुतीपासूनच ब्रेकवर उभा राहायचा. त्या दिवशी भरली ट्रॉली घेऊन तो सवयीप्रमाणे मारुतीपाशी ब्रेकवर उभा राहिला, आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मारुतीपाशीच थांबला. पारावरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, पोरगं देवाचं करायला लागलं. त्यांनी त्याला हाक मारून प्रसादही दिला. पुढच्या खेपेलाही तो तिथेच थांबला. लोक म्हणाले, बघा, आबांचं पोरगं सुधारलं. आता चांगलं म्हणताहेत तर मोडायचं कसं, म्हणून इंद्रजीत खरोखरच रोज थांबायला लागला.

आबांना ब्रेकचा उपयोग कळला होता. पण तो पाशाभाईंसमोर कबूल करायचा म्हणजे मोठंच संकट. म्हणून त्यांनी निरोप पाठवला, की ब्रेक फार कडक आहेत, येऊन बघून जा. पाशाभाई खूश झाले. नवे लायनर बसल्यावर ब्रेक एकदा कमी-जास्त करून घ्यावे लागतातच. त्यांनी पान्यांची पिशवी हँडलला अडकवली आणि आपल्या त्या मोटारसायकलवर इनामगावला निघाले.

आबांचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. रस्ता सोडला की अंगणापर्यंत चांगला घसरता उतार. त्या दिवशी ओट्यावर आबा पुण्याहून आलेल्या दोन विद्यार्थ्यांना गावाची माहिती देत होते. इनामगावात फार जुन्या काळची वस्ती सापडलेली असल्यामुळे अशी मुलं अधूनमधून येतात, आणि आबा त्यांना चहा पाजून सगळा इतिहास आपल्या घरचा असल्यासारखा सांगतात. अंगणात आबांच्या पत्नी कस्तुराबाई बाजेवर लुगडं अंथरून कुरडया वाळत घालत होत्या. पलीकडे कडब्याची गंजी रचलेली होती.

पाशाभाई उतारावर आले. नेहमीप्रमाणे त्यांनी उजवा पाय खाली टाकला. आणि नेमका चपलेचा अंगठा तुटला. चप्पल मागे राहिली, पाशाभाई पुढे आले.

"काकी, बाजूला!"

कस्तुराबाई बाजूला झाल्या. बाजेला ते जमलं नाही. कुरडयांचा चुरा करत, लुगडं हँडलला गुंडाळून घेत गाडी अंगण ओलांडून गेली आणि पाशाभाईंसकट कडब्यात घुसली. थोडा वेळ नुसतं मागचं चाक दिसत होतं. ते फिरत होतं, कारण इंजिन खरोखरच फार चांगलं होतं.

विद्यार्थी उठून उभे राहिले. आबा बसूनच म्हणाले, "घाबरू नका. तीन हजार वर्सांमागं हितं जी मानसं ऱ्हायची, त्यातलाच ह्यो एक. ब्रेकचा सोध लागायच्या आधीचा."

पाशाभाईंना बाहेर काढलं तेव्हा डोक्यात कडबा होता, खांद्यावर कस्तुराबाईंचं लुगडं होतं आणि उजवं मनगट सुजायला लागलं होतं. हाड मोडलेलं नव्हतं, पण डॉक्टरांनी मनगट बांधून दिलं आणि काही आठवडे पान्याला हात लावायचा नाही असं सांगितलं. मलम न्यायला ते माझ्याच दुकानात आले. "उतार जरा जास्तच ठेवलाय आबांनी," एवढंच म्हणाले.

पुढचे दिवस त्यांना फार जड गेले. आबांनी ही हकीकत रसवंतीत सांगितली, सोसायटीत सांगितली, एका लग्नात तर वरमाला पडायच्या आधी सांगितली. वर एक जाहीर करून टाकलं, की पाशाच्या गाडीला ब्रेक लागेपर्यंत माझ्या ट्रॅक्टरला त्याने हात लावायचा नाही. लोकांनी ही कल्पना उचलून धरली. इतकी वर्षं ज्यांनी ब्रेकवरची व्याख्यानं ऐकून घेतली होती, ते आता मुद्दाम शेडसमोर थांबायचे. कुणी म्हणायचं, "पाशाभाई, चपलेला लायनर भरून मिळंल का?" कुणी विचारायचं, "डाव्या पायाला कवा बसवायचा ब्रेक?" पाशाभाई खुर्ची टाकून बसलेले असायचे. ते हसायचे, पण लोक गेले की बराच वेळ रस्त्याकडे बघत राहायचे. काम करणारा माणूस हात बांधून बसला की एकदम वयस्कर दिसायला लागतो.

इकडे सुलतानबीला कुरडयांची लाज वाटत होती. तिने घरी गहू भिजत घातले, आंबले तसे वाटून चीक काढला आणि पातेलं घेऊन ती इनामगावला गेली. कस्तुराबाई म्हणाल्या, अगं कशाला, आणि लगेच सोऱ्या काढला. दोघी अंगणात बसल्या. चीक शिजवला, गरम गरम सोऱ्यातून पिळायला लागल्या.

"पोरगी काय करती गं तुझी?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"रुबी व्हय? शिक्रापूरला कंपनीत हाय, आक्का. खोली घेऊन ऱ्हाती मैत्रिणीबरूबर."

"आन् कंपनीत काय करती?"

"ब्रेक तपासती."

कस्तुराबाईंचा हात थांबला. सोऱ्यातून एक लांब धागा लोंबत राहिला. "बया! पोरगी साऱ्या जगाचं ब्रेक तपासती, आन् बाप माझ्या कुरडयांवर गाडी घालतो?"

"त्ये तिला पान्याला हात लावू देत न्हाईत. कंपनीत चाललं, पर आपल्या गॅरेजात न्हाई."

"तू फोन लाव," कस्तुराबाई म्हणाल्या. "माझं नाव सांग. म्हनावं, माझी नुकसानी झालीया."

फोन तिथल्या तिथे लागला.

रुबी शनिवारी संध्याकाळी आली ती ओळखीच्या टेम्पोतून, आणि एकटी आली नाही. टेम्पोत मोटारसायकलीचं एक पुढचं चाक होतं, त्याला चकचकीत डिस्क होती, सोबत शॉकअपची जोडी आणि बाकीचं सामान. पाशाभाईंच्याच गाडीचं जे डिस्कवालं मॉडेल नंतर निघालं होतं, त्याचा पुढचा सगळा भाग तिने एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून शोधून काढला होता. त्यांच्या घरात बोलतात ती भाषा वेगळी, पण गॅरेजात मराठीच चालते, आणि रविवारी सकाळी मी शटर वर केलं तेव्हा समोर भांडण मराठीत चाललं होतं.

"मी वायर आवळून दे म्हनलो. नुसती वायर!"

"वायरनं काही होणार नाही, अब्बा. मागचे लायनर कागदासारखे झालेत. पुढचं सगळं बदलू."

"बदलू म्हंजी? वरिजिनल गाडी हाय ही!"

"शॉकअप बरोबर आलेत आता. पाहुण्याला चहा पाजायचा का नाही?"

आबांनी गावभर केलेलं हे तिच्याही कानावर आलं असणार. पाशाभाईंनी इकडे तिकडे बघितलं आणि सरळ जाऊन गाडीवर बसले. गाडी स्टँडवर, पाशाभाई गाडीवर, बांधलेला हात छातीशी. धरणं धरून बसल्यासारखे. रुबीने वाद घातला नाही. तिने घरी फोन लावून आईशी काहीतरी बोलून घेतलं. थोड्या वेळाने सुलतानबी मटण झाल्याचं सांगायला स्वतः आली. पाशाभाईंनी बराच विचार केला. मग उतरले. जेवून दोघं परत आली तेव्हा गाडीला पुढचं चाक नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रुबीला काम करताना पाहिलं. लहानपणी ती शेडच्या दारात बसून अभ्यास करायची, तेव्हा तिचं लक्ष वहीत कमी आणि आत जास्त असायचं, एवढं मला आठवतं. तिने हातमोजे घातले होते. बापासाठीही एक जोड आणला होता. पाशाभाईंनी तो उलटासुलटा करून बघितला.

"हे घालून काय बाळंतपन करायचंय का?"

"नखं चांगली राहतात."

यावर पाशाभाईंनी हातमोजे खाली ठेवले. मग आपली नखं तिच्यापुढे धरली. त्यांतला काळेपणा कुठल्याच साबणाने जात नाही. "ही बघ. तुझी अशी हू नयेत म्हनून तुला हितं येऊ दिलं न्हाई. दुसरं काय?"

"मला वाटायचं, मला जमणार नाही असं तुम्हाला वाटतं."

"कोन म्हनलं?"

"कुणीच नाही. जमणार नाही असं तुम्ही म्हणाला नाहीत, आणि नखांचंही कधी बोलला नाहीत." ती पाना फिरवत राहिली. "आणि सगळ्यांच्या गाड्यांना ब्रेक लावता, मग तुमच्याच गाडीला का नाही?"

"लोकांची गाडी थांबली न्हाई तर माझं नाव जातं."

"आणि तुमची थांबली नाही तर?"

मला वाटतं, हा प्रश्न त्यांना या आधी कुणी विचारलाच नव्हता. आम्ही सगळे चपलेवर विनोद करत बसलो होतो.

शेवटी ब्रेकच्या पाइपमधली हवा काढायची वेळ आली. हे एकट्याचं काम नव्हे. एकाने दांडी दाबून धरायची, दुसऱ्याने खालचं निपल, म्हणजे पोकळ स्क्रू, ढिलं करून तेल आणि हवा बाहेर सोडायची, मग परत आवळायचं. रुबी खाली बसली. पाशाभाई उभे राहिले आणि उजवं मनगट बांधलेलं असल्यामुळे डाव्या हाताने आडवे होऊन दांडी धरली.

"दाबा."

ते दाबायचे.

"धरून ठेवा. सोडू नका. आता सोडा."

ते सोडायचे.

"लवकर सोडताय, अब्बा. मी म्हटल्यावर."

आयुष्यभर दुसऱ्यांना 'दाब' आणि 'सोड' सांगितलेल्या माणसाला हे ऐकून घेणं किती अवघड जात होतं, ते रस्त्याच्या पलीकडूनही कळत होतं. पण हळूहळू दांडी घट्ट होत गेली, तसा त्यांचा चेहरा बदलला. एकदा तर सांगितलेलं नसताना त्यांनी ती दाबून बघितली आणि मान हलवली. रुबीने ते पाहिलं आणि निपल शेवटचं आवळून टाकलं.

चालवून बघायला ते स्वतःच निघाले. एका हाताने चालवू नका म्हणून मायलेकी दोघी ओरडल्या. मग रुबीने गाडी चालवली आणि पाशाभाई मागे बसले. रसवंतीपर्यंत जाऊन ते परत आले. शेडजवळ आल्यावर पाशाभाईंचा उजवा पाय सवयीने खाली आला. पण रुबीने दांडी दाबली, गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि पाशाभाई तिच्या पाठीवर आदळले.

"जरा कडक हाय," ते खाली उतरत म्हणाले. मग गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पर बरूबर हाय."

हात बरा झाल्यावर पाशाभाईंचं गॅरेज पहिल्यासारखं सुरू झालं. रुबीने कंपनी सोडली नाही. तशी तिची इच्छाही नव्हती. पण रविवारी ती यायला लागली, आणि ही बातमी आबांनी आपली हकीकत जिथे जिथे सांगितली होती तिथे तिथे पोचवली. दसऱ्याच्या आसपास, कारखाना सुरू व्हायच्या आधी, शेडसमोर ट्रॉल्यांची रांग लागली. ट्रॅक्टर नव्हेच, नुसत्या ट्रॉल्या. राहूहून साहेबराव नावाचे एक बागायतदार आले, ते गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "मॅडम कुठं हायेत?"

"मी हाय की," पाशाभाई म्हणाले.

"तुम्हाला इचारून उपेग न्हाई असं पोपटराव म्हनले. ट्रॉली दिली की तुम्ही ट्रॅक्टरबी बदलून देता. मॅडम सांगितलं तेवढंच करतात."

पाशाभाई त्या दुपारी चहा प्यायला उठले नाहीत. साहेबरावांची ट्रॉली मात्र त्यांनीच पुढे घेतली. रुबीने ब्रेक केले. ती आत गेल्यावर पाशाभाईंनी ट्रॉलीचे मागचे दिवे लावून दिले आणि वर लाल पट्ट्या चिकटवल्या. साहेबराव माझ्याकडे गोळी घ्यायला आले नाहीत, हे मी नोंदवून ठेवतो.

लायनर संपले तेव्हा बापलेक शिरूरला सामान आणायला निघाले. गाडी रुबीच्या हातात, मागे पाशाभाई, आणि गावाबाहेर पडेपर्यंत त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. गिअर टाक, बाजूनं घे, खड्डा हाय. शिरूरचा स्पेअर पार्टचा दुकानदार माझ्या ओळखीचा आहे, पुढचं त्याने मला सांगितलं. पाशाभाई तिथले जुने गिऱ्हाईक. ते दिसले की तो विचारत नाही, थेट मागच्या कपाटाकडे वळतो. त्या दिवशीही तो वळला.

"थांब," पाशाभाई म्हणाले. "हिला इचार काय पायजे त्ये. मी नुसता बरूबर आलोय."

आणि ते बाकावर जाऊन बसले.